आधी लिहायचं, मग हो म्हणायचं

कंधारला माझ्या मायला शेजारणी विचारायच्या, धाकटी लातूरला काय करते? माय सांगायची, "कंपनीत हाय. कंप्युटरचं बघती." यापुढे तिला सांगता येत नसे आणि मलाही तिला समजावता आलं नाही. त्या दुष्काळी वर्षात माझं मुख्य काम एवढंच होतं, की जी गोष्ट पुढे कोणीच कधी बदलणार नाही ती आधी नीट ठरवून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. नांदेडला इंजिनिअरिंग करताना मलाही असल्या गोष्टी सोप्याच वाटायच्या.

कंपनी म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते देगलूरचे. आईशी कन्नड बोलायचे, गिऱ्हाइकाला लागेल तशी तेलुगू, आणि आमच्यावर चिडायला मराठी. माणूस मनानं वाईट नव्हता, पगार वेळेवर द्यायचा, कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःहून सुट्टी द्यायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच कडू लिहिणार आहे.

आम्हाला टँकरच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. गावानं तालुक्याला पाण्याची मागणी करायची, साहेबांनी मंजूर केलेली खेप ऑपरेटरनं संगणकात भरायची, आणि रोज सकाळी कुठला टँकर कुठं रिकामा करायचा ते त्या नोंदींवरून ड्रायव्हरला सांगायचं. कागद अजिबात नको, सगळं थेट स्क्रीनवर, अशी वरून ताकीद होती आणि तिचं सगळ्यांना कौतुकही होतं. लातूर शहरालाच त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं. मग खेड्यांची काय कथा.

या असल्या प्रत्येक कामाच्या तळाशी डेटाबेस असतो आणि डेटाबेसच्या पोटात एक भाग असतो, त्याला स्टोरेज इंजिन म्हणतात. ऑपरेटरनं भरलेली नोंद डिस्कवर कधी आणि कशी उतरवायची ते हे इंजिन ठरवतं. त्याची ढीगभर सेटिंग असतात. तालुक्याच्या कार्यालयात बसलेली मुलगी त्यांना कधी हात लावणार नाही, आणि लावूही नये. म्हणजे आम्ही लातुरात बसून जे भरून पाठवू तेच तिथं चालत राहणार. याला डिफॉल्ट म्हणतात. ज्यानं काहीच ठरवलं नाही त्याच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवलेलं. ते ठरवायचं काम माझ्याकडे होतं, निदान मी तसं समजत होते.

त्यातलं एक सेटिंग सगळ्यात महत्त्वाचं होतं. स्क्रीनवर "नोंद झाली" असं कधी दाखवायचं? माझं म्हणणं, नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय दाखवायचंच नाही. आधी लिहायचं, मग हो म्हणायचं. पण कार्यालयांतल्या मशीन जुन्या, डिस्क रखडत चालणाऱ्या. प्रत्येक नोंदीला ऑपरेटरला थांबावं लागे आणि तोवर स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राही. दुसरा रस्ता असा, की नोंद नुसती मेमरीत धरायची, लगेच "झाली" म्हणायचं, आणि पुरेशा नोंदी साठल्या की एकदम डिस्कवर उतरवायच्या. घरी पाहुणा आला की आपण आधी "चहा टाकलाय" म्हणतो आणि मग डब्यात साखर आहे का ते बघतो, त्यातलाच प्रकार. बहुतेक वेळा साखर असते. पण मध्येच वीज गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं, आणि स्क्रीन तर "झाली" म्हणून बसलेली असते.

सरांना दुसरा रस्ता हवा होता. कारण नवा जिल्हा. आमच्या भागातून एक नवा जिल्हा निघणार अशी हवा त्या वर्षी फार तापली होती. बंद झाले, उपोषणं झाली, चहाच्या टपरीवर माणसं पाण्याबद्दल कमी आणि मुख्यालय कुठं होणार याबद्दल जास्त बोलायची. जिल्हा झाला की सगळी कार्यालयं नवी, सगळे संगणक नवे, आणि सगळं सॉफ्टवेअर आपलं, असा सरांचा हिशेब. त्यासाठी आधी मोठ्या साहेबांपुढे आमचं टँकरचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं.

"मॅडम, साहेबापुढं ते चक्र फिरत बसलं तर नवा जिल्हा गेला बोंबलत," सर म्हणाले.

"आणि लाईट गेली तर?"

"इन्व्हर्टर हाय ना प्रत्येक ठिकाणी. काऊन भिऊन राहिलात? ह्ये झालं की करू की तुमच्या मनासारखं."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. इन्व्हर्टर खरोखरच प्रत्येक ठिकाणी बसवलेले होते. पण एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. "पुरेशा नोंदी" हा आकडा आपण लातूरकडे बघून ठरवतोय. मोठ्या तालुक्यात तेवढ्या नोंदी बघता बघता साठतील. लहान तालुक्यात दिवस उलटेल तरी साठणार नाहीत, आणि तोवर त्या अधांतरी लटकत राहतील. ज्याचं आधीच थोडं, त्याचंच जास्त धोक्यात. सर मान डोलावून हो म्हणाले आणि फोनवर बोलायला बाहेर गेले.

साहेबांपुढचा कार्यक्रम झकास झाला. बोट लावायचा अवकाश की "नोंद झाली". साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तेच सेटिंग पुढे सगळीकडे गेलं. मी नंतर विषय काढला की सर म्हणायचे, चालत्या गाडीचं चाक कशाला काढता. गाडी चालत होती खरी.

आता अक्काचं सांगते. अक्का माझी थोरली बहीण. आमच्यात इतकं अंतर आहे की तिच्या लग्नात मी तिच्या पदराला धरून झोपले होते म्हणतात. तिचं सासर एका लहान तालुक्यात. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच ताप नको. गाव वर, आणि आमच्या लोकांची वस्ती खाली ओढ्याकडे. वस्तीतल्या विहारापुढे निळा झेंडा, बाकी सगळी दगडमातीची घरं, आणि ओढा कधीचाच कोरडा पडलेला. टँकर यायचा तो वरच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग सगळ्या गावानं विहिरीतून शेंदायचं. आमच्या बायकांना तिथं कोणी मनाई करत नव्हतं. कायदा आहे, पोरं शिकलेली आहेत, कोण करेल? फक्त आमचा नंबर शेवटी लागायचा. आधी वरच्या घरांचं, मग त्यांच्या जनावरांचं, मग आमचं. तोवर पोहऱ्यात गाळ यायचा.

अक्काला राग यायचा तो गाळाचा नाही. तिथं उभं राहायचा. "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय न्हाई दुखत बाई, दुसरंच काई दुखतंय," असं ती मला एकदा फोनवर म्हणाली होती. तिनं मनावर घेतलं, की वस्तीसाठी टँकरची वेगळी खेप मिळवायची. चार बायकांना घेऊन ती एसटीनं तालुक्याला जायची, व्हरांड्यात बसायची, परत यायची, पुन्हा जायची. शेवटी तिथले साहेब एकदा स्वतः पाहणीला आले. सज्जन माणूस. विहिरीवर आमच्या बायका कुठं उभ्या राहतात ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथूनच कार्यालयात फोन लावून वस्तीची रोजची खेप मंजूर केली म्हणून सांगितलं.

मी अक्काला आधीच बजावलं होतं, की ऑपरेटर "स्क्रीनवर नोंद झाली" असं म्हणेपर्यंत तिथून हलू नको. ती साहेबांच्या मागोमाग एसटी पकडून तालुक्याला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. इतकी मोकळी हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"झाली बाई. त्या पोरीनं दुपारीच मागणी आन मंजुरी दोन्ही भरलं. म्हणली, आलं बघा मावशी स्क्रीनवर. आता कुणाच्या बापाची भीती न्हाई."

माझं सॉफ्टवेअर आणि माझी बहीण. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं, लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का विहिरीवर गेली, पण पाण्याला नाही. सगळ्या बायका उभ्या असताना तिनं सांगितलं, "उद्यापासून आमची वाट बघू नका. आमचा टँकर आमच्या दारात येणार हाय. आमी आता हितं येणार न्हाई." शिवी नाही, चढा आवाज नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या घाबरल्या, हे बोलायची काय गरज होती म्हणाल्या. तरण्या बायकांनी मात्र त्या दिवशी उत्साहानं पिंपं घासली, रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडली, आणि पाणी उन्हानं तापू नये म्हणून वर ताडपत्री ताणली. बांधायला दोरी नव्हती, तेव्हा विहिरीवरचा आपला दोर कापून त्याचे तुकडे केले. आता तो कशाला लागणार होता?

टँकर आला तो वस्तीवरून धुरळा उडवत सरळ वर गेला.

अक्काचा फोन आला तेव्हा मला वाटलं, ड्रायव्हर चुकला असेल. मी तालुक्याच्या ऑपरेटरला फोन लावला. तिनं शोधलं. वस्तीची खेप कुठंच नव्हती. "मॅडम, मी सोता भरली व्हती," ती रडवेली होऊन म्हणाली. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी सरांना न सांगता पहिल्या एसटीनं निघाले.

तिथं त्या ऑपरेटर मुलीनं मला जे सांगितलं ते मी आजही कोणाला सांगितलं की आधी लोक हसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. कार्यालयातला शिपाई ते इमानानं घालायचा. एके दिवशी व्हरांड्यात कुठल्याशा गावचे लोक रिकाम्या घागरी घेऊन बसले होते, आणि हा त्यांच्यासमोर बॅटरीची बुचं काढून डब्यातून पाणी ओतायला लागला. एक म्हातारा उठून आला.

"आमचे लेकरं तहानंनं तळमळून राहिले आन तुमी पेटीला पाणी पाजून राहिले का बाबा?"

शिपायाचा हात थांबला. त्यानं उरलेला डबा म्हाताऱ्याला देऊन टाकला. ते पाणी प्यायचं नसतं म्हणून कोणीतरी सांगत होतं, तोवर घोट घोट सगळ्यांत फिरून ते संपलंही होतं. म्हातारा म्हणाला, लई गोड हाय. त्यानंतर त्या कार्यालयात बॅटरीची बुचं कोणी उघडली नाहीत. शिपायाला लाज वाटायची, साहेबही म्हणाले, लोकांसमोर नको, पाऊस झाला की भरू. बॅटरी आतून सुकत गेली. अक्काची नोंद भरली त्या दुपारी वीज गेली, इन्व्हर्टर एकदा चिरकला आणि बंद पडला. लहान तालुका, त्या दिवशीच्या नोंदी थोड्या. त्या साठायच्याच होत्या. सगळ्या गेल्या.

मी त्या शिपायाला दोष देऊ शकले नाही. त्याच्या जागी मीही तो डबा देऊन टाकला असता. दुष्काळात मशीनला पाणी पाजायची माणसाला लाज वाटेल, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं असतं? पण डिफॉल्ट ठरवणाऱ्यानं हेच धरून चालायचं असतं. वीज जाणार. बॅटरी सुकणार. आणि ती ज्यामुळे सुकणार ते कारण आपल्याला लातुरात बसून कधीच सुचणार नाही, म्हणून जे लिहिलेलं नाही त्याला लिहिलं म्हणायचं नाही. एवढं साधं होतं ते.

पुन्हा नोंद भरून टाका, असं मी ऑपरेटरला म्हणाले. ती म्हणाली, मंजुरीशिवाय कशी भरू? आणि पाहणीला आलेल्या साहेबांची मधल्या दोनच दिवसांत नव्या जिल्ह्याच्या तयारीच्या कामावर रवानगी झाली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मी त्यांना फोन केला. त्यांना सगळं आठवत होतं. "मी मंजूर केलं होतं ताई, पण आता मला अधिकार नाही. तुम्ही नव्या साहेबांना सांगा." त्यांच्या जागी आलेल्या साहेबांपुढे मी आणि अक्का उभ्या राहिलो. साहेबांनी शांतपणे मॉनिटर आमच्याकडे वळवला.

"हे बघा. तुमच्या वस्तीची मागणीच दिसत नाही. सिस्टीममध्ये नाही ते मी कसं धरू? आणि गावात टँकर येतोच आहे की."

"मी मागितलं व्हतं साहेब," अक्का म्हणाली. "त्यांनी हाव म्हणलं व्हतं."

"कोणी म्हटलं असेल तोंडी. इथं नाही."

ती स्क्रीन मी स्वतः रचलेली होती. त्यातला रंग, त्यातली अक्षरं, "नोंद आढळली नाही" हे वाक्यसुद्धा माझं. माझ्या बहिणीला माझ्याच वाक्यानं खोटं पाडलं आणि मी तिच्या शेजारी उभी होते. अक्का माझ्याकडे वळूनही पाहत नव्हती. तिला माझी लाज राखायची असावी.

लातूरला येऊन मी सरांवर इतकी ओरडले की खालच्या दवाखान्यातली नर्स वर बघायला आली. मला भांडण हवं होतं. सरांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमचं बरोबर व्हतं. बदला." मी बसले आणि बदललं. चहा निवायच्या आत काम झालं. आधी लिहायचं, मग हो म्हणायचं, सगळ्या तालुक्यांत. ऑपरेटरांनी थोडे दिवस कुरकुर केली, सॉफ्टवेअर सुस्त झालं म्हणाले, मग त्यांना त्याची सवय झाली आणि कोणी नावही काढलं नाही. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. एवढंसं थांबणं होतं ते. त्या थांबण्याची कोणालाच अडचण नव्हती. साहेबांपुढच्या टाळीपुरती ती घाई होती, आणि नवा जिल्हा तर त्या वर्षी झालाच नाही.

वस्तीच्या बायका तोवर लांबच्या एका शेतातल्या बोअरवरून पाणी आणत होत्या. अक्काच्या शब्दासाठी सगळ्या चालत होत्या. वर विहिरीवर जायचं नाही म्हणजे नाही. मग ते बोअरही आटलं. मी सुट्टीला गेले तेव्हा पिंपं तशीच रस्त्याच्या कडेला मांडलेली होती, तळाला धूळ आणि वर फाटकी ताडपत्री. अक्का वाळून गेली होती. मी तिला सांगितलं, आता ते नीट केलंय, आता कुठंच असं व्हायचं नाही.

"बरं झालं. दुसऱ्या कुणाचं तरी नीट व्हईल," ती म्हणाली आणि कोपऱ्यातली घागर उचलली. "चल. वर जाऊ."

"अक्का, मी आणते. तू नको येऊस."

"म्या बोलले व्हते. म्याच जायला पायजे."

उन्हं उतरली होती. विहिरीवर वरच्या तीनचार बायका होत्या. मला वाटलं होतं कोणीतरी टोमणा मारेल, आणि मी उत्तरं जुळवत आले होते. कोणी मारला नाही. काठावर पोहरा ओढत असलेली एक बाई म्हणाली, "या अक्का. लई दिसांनी." अक्का म्हणाली, "दोर न्हाई आमचा. कापला." त्या बाईनं का म्हणून विचारलं नाही. नुसता हात पुढे केला, घागर घ्यायला.

अक्कानं घागर तिच्या हातात दिली नाही. ती तिनं जमिनीवर ठेवली, आणि ओतणाऱ्याचा हात लागू नये इतकी ती मागे सरली. आमच्या आजीच्या काळची ती रीत. अक्का जन्मायच्या कितीतरी आधी आमच्या घरानं दीक्षा घेतली होती, तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि आज कोणी तिला मागे हो म्हणालंही नव्हतं. त्या बाईचा हात तसाच राहिला. मग तिनं तो खाली घेतला आणि वरून पाणी ओतलं.

अक्का असं काय करतेस, म्हणून मी तिचा दंड धरायला गेले. तो धरायला मला मागे वळावंसुद्धा लागलं नाही, कारण तिच्या शेजारी मीही तेवढीच मागे सरकून उभी होते.